ऐनवेळी उमेदवार बदलणे: पक्षाचा हक्क की मतदाराची फसवणूक?

ओहायोकर (धागाकर्ता)

२१ जुलै २०२४, रविवार दुपार. बायडन यांनी एक्सवर पत्र टाकलं आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतून अंग काढून घेतलं. अर्ध्या तासात आपल्या उपाध्यक्ष कमला हॅरिस यांना पाठिंबा जाहीर केला. सोमवारी रात्रीपर्यंत हॅरिस यांच्यामागे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे पुरेसे प्रतिनिधी उभे राहिले होते. ज्या उमेदवारीसाठी लोक एरवी दीड-दोन वर्षं राज्याराज्यांत उंबरे झिजवतात, ती दीड दिवसात ठरली. मतदानाला उरले होते १०७ दिवस.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. निर्वाचकांची मतं ३१२ विरुद्ध २२६, आणि अटीतटीची सातही राज्यं ट्रम्प यांच्या पदरात.

तेव्हापासून इथल्या मराठी मंडळींत दोन तट पडलेत. एक म्हणतो बदलायलाच नको होतं, दुसरा म्हणतो बदलायला फार उशीर केला. मला दोन्ही पटत नाही. बदलणं योग्यच होतं. उशीरही एक वेळ समजून घेऊ. पण हॅरिस यांच्यासमोर कुणालाच उभं राहू दिलं नाही, ही खरी गोची. प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्याराज्यांतल्या मतदानात, १ कोटी ४० लाखांहून जास्त लोकांनी बायडन यांना मत दिलं होतं, मार्चमध्ये ओहायोत मीही दिलं. त्या मताचं पुढे काय झालं हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

तर पक्षाला असा अधिकार असावा का? असावा, तर कुठल्या तारखेपर्यंत? दुसऱ्या देशांतली उदाहरणं चालतील, आपल्याकडचीही चालतील. ट्रम्प चांगले की वाईट यावर हाणामारी नको, त्यासाठी वेगळे धागे वाहतायत.

तिरकस_तात्या

शेवटचं वाक्य वाचून हसलो. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

एडिसनवाली

२७ जूनला बायडन-ट्रम्प यांची ती टीव्हीवरची चर्चा झाली तेव्हा मी सॅन होजेला होते, बीएमएमच्या, म्हणजे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला. अटलांटात रात्रीचे नऊ म्हणजे आमच्याकडे संध्याकाळचे सहा. जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे एक काकू, नऊवारी, नथ, हातात फोन आणि फोनवर सीएनएन. मागचे चार-पाच जण त्यांच्या खांद्यावरून डोकावत होते. बायडन कोविडबद्दल बोलता बोलता अडखळले आणि "आपण अखेर मेडिकेअरला हरवलं" म्हणाले, तेव्हा रांगेतलं कुणी हसलं नाही. काकूंनी आवाज बंद केला आणि म्हणाल्या, "बघवत नाही हो, आमचे हे असेच झाले होते शेवटी."

रांगेत दोन्ही पक्षांचे लोक होते. त्या क्षणी सगळ्यांना कळलं होतं. पक्षाला कळायला पुढे तीन आठवडे लागले, हा माझा राग आहे. हॅरिसवर नाही.

शंकासुर

ओहायोकर, तुमच्या मताचं काय झालं याचं कोरडं उत्तर देतो. प्रायमरीत तुम्ही उमेदवाराच्या नावावर खूण करता, पण निवडले जातात प्रतिनिधी. बायडन यांच्या नावाचे जवळपास ३,९०० प्रतिनिधी होते. डेमोक्रॅटिक पक्षाच्या नियमात ते साखळदंडाने बांधलेले नसतात. ज्यांनी निवडून दिलं त्यांच्या भावना सद्सद्विवेकबुद्धीने व्यक्त कराव्यात, एवढंच लिहिलंय. बायडन स्वतः बाजूला झाल्यावर तर प्रश्नच मिटला. म्हणजे तुमचं मत कुठे हरवलं नाही, एका प्रतिनिधीच्या खिशात होतं, त्याने ते हॅरिसना दिलं.

हे तुम्हाला आवडावं असं नाही. पण नियम आधीपासून तसाच आहे.

धोंडोपंत

सद्सद्विवेकबुद्धी! १९६९ आठवलं का कुणाला, की सगळे तेव्हा पाळण्यात होते?

राष्ट्रपतिपदासाठी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. बंगळुरूच्या बैठकीत इंदिराबाईंना ते नको होते, पण संसदीय मंडळात बहुमत रेड्डींच्या बाजूने गेलं, आणि त्या बहुमतात आपले यशवंतराव चव्हाणही होते. बाईंनी रेड्डींच्या अर्जावर सूचक म्हणून सहीसुद्धा केली. आणि मग ऐन मतदानाच्या तोंडावर खासदार-आमदारांना सांगितलं, अंतरात्म्याला स्मरून मत द्या. व्ही. व्ही. गिरी निवडून आले, आणि काही महिन्यांत काँग्रेस दुभंगली. अंतरात्मा जागा झाला की कुणाच्या तरी घरात वाटणी होते, हे आमच्या पिढीने तेव्हाच पाहिलं.

ओहायोकर

पंत, रेड्डींना बदललं नव्हतं, पाडलं होतं. फरक आहे.

धोंडोपंत

बदलता आलं नाही म्हणून पाडलं, असं वाचा.

कोल्हापुरी_ठसका

एवढं लांब १९६९ पर्यंत कशाला जायचं? २०२४ची विधानसभा, कोल्हापूर उत्तर. काँग्रेसने आधी राजेश लाटकरांचं नाव जाहीर केलं. कार्यकर्त्यांत भडका उडाला. मग उमेदवारी मधुरिमाराजेंना. लाटकर अपक्ष म्हणून अडून बसले. ४ नोव्हेंबरला, माघारीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी तीनला काही मिनिटं असताना मधुरिमाराजेंनी अर्ज मागे घेतला. निकाल काय, तर ज्या कोल्हापुरात काँग्रेसची मुळं इतकी खोल, तिथं मतदान यंत्रावर पंजाच नाही! शेवटी पक्षाने त्याच लाटकरांना पाठिंबा दिला, ज्यांना आठ-दहा दिवसांपूर्वी बाजूला केलं होतं. आले कोण, तर शिवसेनेचे राजेश क्षीरसागर.

त्यामानाने अमेरिकेचं प्रकरण फारच सभ्य झालं म्हणायचं. निदान डेमोक्रॅटिक पक्षाचं गाढवाचं चिन्ह तरी जागेवर होतं.

लिमिटेड_एडिशन

ठसकेदार +१

वऱ्हाडी_ठेचा

कोल्हापूर झालं, आता जरा रामटेक पण ऐका. लोकसभा २०२४. काँग्रेसच्या उमेदवार रश्मी बर्वे. जात वैधता प्रमाणपत्र रद्द झालं आणि छाननीत अर्ज उडाला. दुसरा पक्ष असता तर कपाळाला हात लावून बसला असता. पण त्यांच्या यजमानांचा, श्यामकुमार बर्वेंचा, पर्यायी अर्ज आधीच भरून ठेवला होता. ते उभे राहिले आणि ७६ हजारांच्या वर मतांनी निवडून आले. डमी अर्जाला हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि त्याच निवडणुकीत सुरतेत उलटं. काँग्रेसच्या उमेदवाराच्या सूचकांनीच सह्या आपल्या नाहीत म्हणून सांगितलं, अर्ज बाद, डमीचाही बाद, बाकीच्यांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल मतदान न होताच खासदार.

अर्धवटराव

तुम्ही सगळे नियमांबद्दल बोलताय, मला साधा प्रेक्षकाचा प्रश्न पडतो. नाटकाला गेलं आणि मुख्य नट आजारी असला तर तिकीटबारीवर फलक लागतो: आजच्या प्रयोगात अमुक यांची भूमिका तमुक करतील, ज्यांना प्रयोग पाहायचा नसेल त्यांनी पैसे परत न्यावेत. इथं फलक तर लागला, पण बारी बंद होती.

बे_एरियातला_बंडू

बारी बंद नव्हती राव, गल्ला कुणाच्या नावावर आहे तो प्रश्न होता. मी निधी गोळा करणाऱ्यांच्या फोन यादीत स्वयंसेवक होतो, म्हणून हे जवळून पाहिलं.

बायडन-हॅरिस प्रचार समितीच्या खात्यात जूनअखेर ९ कोटी डॉलरच्या वर शिल्लक होती. समिती दोघांच्या नावाने नोंदलेली, त्यामुळे हॅरिस उमेदवार झाल्या की पैसा, कार्यालयं, पगारी माणसं, सगळं जागच्या जागी. फक्त पाटी बदलायची. न्यूसम किंवा व्हिटमर यांच्यासारखे पक्षाचे गव्हर्नर आले असते तर तो पैसा सरळ त्यांच्याकडे वळवता आला नसता. पक्षाला देऊन, वेगळी समिती करून, बऱ्याच वळणांनी थोडाफार पोचला असता. त्यात पहिल्या चोवीस तासांत हॅरिसना आणखी ८ कोटी १० लाख डॉलर आले. आमच्या यादीतली जी माणसं जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात फोन उचलत नव्हती ती त्या रात्री स्वतःहून विचारत होती, कुठे पाठवू? एका गृहस्थांनी तर आधी बायडनसाठी दिलेले पैसे परत मागितले होते, त्यांनीच दुप्पट दिले.

तेव्हा स्पर्धा कुणी मारली असं म्हणायचं असेल तर बँक खात्याने मारली म्हणा.

ओहायोकर

बंडू, मुद्दा पक्का आहे. पण पैसा हे कारण होतं की निमित्त? न्यूसम, व्हिटमर, शापिरो, प्रिट्झकर, ज्यांची नावं हवेत होती ते सगळे सोमवारपर्यंत हॅरिसमागे उभे राहिले. ओबामा तेवढे २६ जुलैपर्यंत थांबले. प्रतिनिधीगृहाच्या माजी सभापती पलोसीबाईंनी निकालानंतर मुलाखतीत सांगितलं की बायडन लवकर बाहेर पडले असते तर शर्यतीत आणखी लोक उतरले असते. म्हणजे ज्यांच्या हातात दोऱ्या होत्या त्यांनाही खुली निवड हवीशी वाटत होती. मग बोलले का नाहीत तेव्हा?

शंकासुर

कारण तेव्हा बोलणं म्हणजे पहिल्या कृष्णवर्णीय आणि भारतीय वंशाच्या उपाध्यक्ष बाईला, बायडन यांनी नाव घेतल्यावर, "जरा थांबा, आधी परीक्षा द्या" म्हणणं. ज्या पक्षाचा कणा कृष्णवर्णीय महिला मतदार आहेत त्या पक्षात हे कोण म्हणणार? तुम्ही म्हणाला असतात?

ओहायोकर

म्हणालो असतो. आणि परीक्षा त्या पास झाल्या असत्या असंच मला वाटतं. तीच तर हळहळ आहे.

मुक्ता_मिशिगन

मला इथे जरा सविस्तर लिहायचंय, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरचे शनिवार मी डेट्रॉइटच्या उपनगरांत दारं ठोठावण्यात घालवलेत.

"हॅरिसना कुणी निवडलंच नव्हतं" हे वाक्य मला चॅनलांवर, कॉलमांत आणि या धाग्यावर भेटलं. दारात नाही भेटलं. एकाही दारात उमेदवार कसा ठरला हे मला कुणी विचारलं नाही. अंडी केवढ्याला झाली, भाडं केवढं वाढलं, गाझात काय चाललंय आणि तुम्ही काय करणार, मुलीला शाळेत सुरक्षित वाटेल का, हे प्रश्न. एका घरासमोर बायडन-हॅरिसची जुनी पाटी होती आणि बायडन नावावर करड्या रंगाची चिकटपट्टी मारली होती. आजोबा म्हणाले, नवीन पाटी पोचली नाही तुमची, मी काय करू? लोकांनी हा बदल असा पचवला होता.

आणि उपाध्यक्ष नावाचं पद असतं कशासाठी? २०२०ला ८ कोटी १० लाख लोकांनी मत दिलं तेव्हा मतपत्रिकेवर दोन नावं होती. तेव्हा बायडन ७७ वर्षांचे. खाली दुसरं नाव कशाला लिहिलंय हे समजत होतं सगळ्यांना.

मिशिगन गेलं ८० हजारांच्या आसपास मतांनी. त्यातली किती उमेदवार निवडीच्या पद्धतीमुळे गेली? माझ्या मते शून्याच्या जवळ.

ओहायोकर

मुक्ताताई, तुमचा अनुभव मान्य. पण तुमच्याच राज्यात २७ फेब्रुवारीच्या प्रायमरीत एक लाखावर लोकांनी "कुणालाच बांधील नाही" या रकान्यात मत दिलं होतं. गाझासाठी. तो आवाज पक्षापर्यंत पोचायची एकमेव अधिकृत जागा म्हणजे प्रायमरी. जुलैत पंधरा दिवसांची का होईना खुली शर्यत झाली असती, तीन-चार जण एका मंचावर उभे राहिले असते, तर त्या एक लाखांना कुणाकडे तरी बघता आलं असतं. दारात कुणी पद्धतीबद्दल विचारत नाही हे खरं. पद्धतीतून बाहेर पडलेला उमेदवार कुठल्या प्रश्नांवर काय बोलतो, ते मात्र विचारतात. हॅरिसना एका मुलाखतीत विचारलं की बायडनपेक्षा तुम्ही काय वेगळं केलं असतं, तर म्हणाल्या चटकन काही आठवत नाही. स्पर्धेत उतरलेल्या माणसाला हे उत्तर पहिल्याच आठवड्यात तयार करावं लागतं.

मुक्ता_मिशिगन

ते उत्तर मलाही झोंबलं होतं. त्यानंतरच्या शनिवारी दोघांनी मला तेच ऐकवलं. हा एक मुद्दा तुमचा.

तिरकस_तात्या

धागाकर्त्याला गुण मिळाला! मराठी आंतरजालावर नोंद घ्यावी असा प्रसंग.

जुनी_वही

उशिरा आले, पण १९६८चं नाव कुणी घेतलं नाही याचं नवल वाटलं.

३१ मार्च १९६८ला तेव्हाचे डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी टीव्हीवरच्या भाषणाच्या शेवटी जाहीर केलं की मी उमेदवारी स्वीकारणार नाही. जूनमध्ये शर्यतीतल्या रॉबर्ट केनेडींची हत्या झाली. उरले युद्धविरोधी मॅकार्थी आणि उपाध्यक्ष हम्फ्री. हम्फ्रींनी एकही प्रायमरी लढवली नव्हती, पण तेव्हा बहुसंख्य प्रतिनिधी राज्याराज्यांतल्या पुढाऱ्यांच्या मुठीत असायचे. शिकागोच्या अधिवेशनात आत हम्फ्रींना उमेदवारी, बाहेर पोलिसांच्या लाठ्या. नोव्हेंबरात रिपब्लिकन निक्सन जिंकले. त्या जखमेतून उमेदवार निवडीचे नियम बदलणारा पक्षाचा मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग आला आणि आज आपण ज्याला प्रायमरी म्हणतो ती पद्धत रुळली. म्हणजे ओहायोकरांचं मार्चमधलं मत हे १९६८च्या भांडणाचं लेकरू आहे. आणि २०२४ला पुन्हा उपाध्यक्ष, पुन्हा प्रायमरी न जिंकता, पुन्हा शिकागो. फक्त या वेळी सगळं आधीच मिटलं होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला संगणकावर हजेरी, म्हणजे प्रतिनिधींचं मतदान, झालं, ९९ टक्के प्रतिनिधी हॅरिसकडे, आणि शिकागोत नुसता सोहळा.

त्याच मॅकगव्हर्न यांनी १९७२ला राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून स्वतः अनुभव घेतला. उपाध्यक्षपदासाठी थॉमस ईगलटन यांना निवडलं. त्यांनी नैराश्यावर विजेच्या झटक्यांचे उपचार घेतल्याचं बाहेर आलं. मॅकगव्हर्न म्हणाले, मी त्यांच्या पाठीशी हजार टक्के आहे. आणि काही दिवसांत त्यांना काढलं. ईगलटन उमेदवार होते १८ दिवस. मॅकगव्हर्न पन्नासातली एकोणपन्नास राज्यं हरले. ईगलटनमुळेच हरले असं नाही, पण हजार टक्क्यांची किंमत तेव्हापासून ठरली.

शंकासुर

वहीताई, प्रतिसाद साठवून ठेवला. संगणकावर हजेरी घेण्यामागे ओहायोकरांचंच राज्य होतं बरं का. ओहायोच्या कायद्याप्रमाणे मतदानाच्या ९० दिवस आधी, म्हणजे ७ ऑगस्टला, पक्षाने नाव कळवायचं. अधिवेशन १९ ऑगस्टला. विधिमंडळाने मुदत वाढवली खरी, पण तो कायदा अमलात येईपर्यंत ऑगस्ट संपणार होता. कोर्टात कुणी गेलं तर? म्हणून पक्षाने जोखीम घेतली नाही आणि ५ ऑगस्टला हजेरी आटोपली.

परदेशी_पाहुणा

अमेरिकेबाहेर बदललेला उमेदवार जिंकल्याचं उदाहरण हवंय ना? मेक्सिको, १९९४. तिहुआनातल्या सभेत सत्ताधारी पक्षाचे उमेदवार कोलोसिओ यांना २३ मार्चला गोळ्या घातल्या. मतदान २१ ऑगस्टला. आता गंमत बघा. घटनेत अट अशी की मंत्रिपद मतदानाच्या किमान सहा महिने आधी सोडलेलं असलं पाहिजे. त्यामुळे मंत्रिमंडळातले सगळे मातब्बर एका फटक्यात बाद. सापडले कोण, तर कोलोसिओंचे प्रचारप्रमुख सेदियो, कारण प्रचारासाठी त्यांनी शिक्षण खातं आधीच सोडलं होतं. तेच राष्ट्राध्यक्ष झाले. अर्थात त्या पक्षाची सत्ता तेव्हा इतकी मुरलेली होती की त्यातून "बदल केला म्हणून जिंकले" असा निष्कर्ष काढणं धाडसाचं.

ब्राझीलमध्ये दोनदा झालं. २०१४ला राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार कांपोस विमान अपघातात गेले, त्यांच्या जागी मरिना सिल्वा, काही आठवडे सर्वेक्षणांत मुसंडी आणि शेवटी तिसरा क्रमांक. २०१८ला माजी राष्ट्राध्यक्ष लुला तुरुंगात, निवडणूक न्यायालयाने अपात्र ठरवलं, ११ सप्टेंबरला हद्दाद आले आणि पहिली फेरी ७ ऑक्टोबरला. म्हणजे महिनाही नाही. तरी दुसऱ्या फेरीत ४५ टक्क्यांपर्यंत पोचले.

तैवानमध्ये तर तेव्हाच्या सत्ताधारी कुओमिन्तांग पक्षाने खास अधिवेशन भरवून २०१५च्या ऑक्टोबरात स्वतःच निवडलेल्या हुंग बाईंना काढलं आणि पक्षाध्यक्ष चू यांना उभं केलं. तीन महिन्यांनी ३१ टक्के मतं. जिंकलेल्या विरोधी त्साई इंग-वेन यांना ५६.

लिमिटेड_एडिशन

म्हणजे जिंकायचं असेल तर मेक्सिको मार्ग... नको, संपादक बघतायत.

परदेशी_पाहुणा

आणि बदलायला हवा होता तरी बदलला नाही, असंही एक. फ्रान्स, २०१७. उजव्या पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार फियाँ यांच्या पत्नीला न केलेल्या कामाचा पगार मिळाल्याचं जानेवारीत छापून आलं. पक्षातले लोक सोडून जात होते, सगळ्यांच्या नजरा त्याच पक्षाचे माजी पंतप्रधान झुप्पेंवर. ६ मार्चला झुप्पेंनी बोर्दोत पत्रकारांना बोलावून सांगितलं, मी येणार नाही. फियाँ तिसरे आले, २० टक्के. पक्ष अजून सावरलेला नाही. ओहायोकर, उमेदवार हटायला तयार नसेल आणि पर्यायी माणूस यायला तयार नसेल तर पक्षाचा अधिकार कागदावरच राहतो.

एडिसनवाली

हेच मला म्हणायचं होतं. बायडन अडून बसले असते तर कुणाच्या बापाला हलवता आले नसते. २०१६ला ट्रम्प यांची बायकांबद्दलच्या अश्लील बोलण्याची ती ध्वनिफीत बाहेर आल्यावर रिपब्लिकन पक्षाचे किती पुढारी म्हणत होते, ट्रम्प यांनी बाजूला व्हावं. ७ ऑक्टोबर होता. मतपत्रिका छापून लोकांच्या घरी गेलेल्या. ते हलले नाहीत, आणि जिंकले.

धोंडोपंत

मला एक कळत नाही. उमेदवार देवाघरी गेला तर काय करतात अमेरिकेत? आपल्याकडे निदान मतदान पुढे ढकलतात.

वकीलसाहेब

पंत, आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ५२. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार गेला तर त्या मतदारसंघातलं मतदान पुढे जातं आणि पक्षाला नवा उमेदवार द्यायला सात दिवस मिळतात. अपक्ष गेला तर मतदान थांबत नाही. राजस्थानात २०२३ला करणपूरला असंच झालं. काँग्रेसचे उमेदवार कुन्नर गेले, मतदान जानेवारीवर गेलं. मधल्या काळात भाजपचं सरकार आलं आणि त्यांनी आपल्या करणपूरच्या उमेदवाराला निवडून यायच्या आधीच मंत्री करून टाकलं. मतदान झालं, कुन्नर यांचा मुलगा जिंकला, मंत्रिमहोदय घरी.

कोल्हापुरी_ठसका

आधी शपथ, मग निकाल. हे बेस झालं.

शंकासुर

अमेरिकेत मतदान थांबत नाही, नोव्हेंबरातला मंगळवार म्हणजे मंगळवार. २०००ला मिसुरीचे गव्हर्नर कार्नाहन सिनेटच्या प्रचारात असताना १६ ऑक्टोबरला विमान अपघातात गेले. नाव मतपत्रिकेवरून काढायची मुदत संपली होती. लोकांनी त्यांनाच निवडून दिलं, समोरचे अॅशक्रॉफ्ट हरले, आणि जागेवर पत्नीची नेमणूक झाली.

राष्ट्राध्यक्षपदाचं त्याहून वेगळं, कारण तिथं आपण मत देतो ते निर्वाचकांना, आणि ते मग राष्ट्राध्यक्ष निवडतात. अधिवेशनानंतर उमेदवार गेला किंवा हटला तर दोन्ही पक्षांच्या राष्ट्रीय समित्या नवा माणूस ठरवू शकतात. मतपत्रिकेवर जुनंच नाव राहिलं तरी निर्वाचक नव्याला मत देतील अशी अपेक्षा. अडचण अशी की काही राज्यांनी निर्वाचकांना कायद्याने बांधलंय, आणि २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने ते बांधणं वैध ठरवलं. तो गुंता आजवर कुणी प्रत्यक्ष सोडवलेला नाही. जवळचं उदाहरण १८७२चं. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होरेस ग्रीली हरले आणि निर्वाचकांचं मतदान व्हायच्या आत वारले. त्यांच्या निर्वाचकांची मतं चार-पाच जणांत विखुरली, तिघांनी तरीही ग्रीलींनाच मत दिलं, ते अमेरिकी संसदेने मोजलं नाही.

अर्धवटराव

अवांतर होतंय, पण थांबू नका, मजा येतेय.

ओहायोकर

मी विचारलेल्या तारखेवर कुणीच बोट ठेवलं नाही अजून. माझं म्हणणं असं: प्रायमरी संपल्यापासून अधिवेशनापर्यंत बदल करा, पण मग प्रतिनिधींसमोर किमान दोन खुल्या चर्चा सक्तीच्या. अधिवेशनानंतर फक्त मृत्यू किंवा गंभीर आजार. बस.

बे_एरियातला_बंडू

आणि गंभीर आजार कोण ठरवणार? उमेदवाराचेच डॉक्टर? मग २०२४ पुन्हा.

शंकासुर

तारीख तुम्ही नाही ठरवत, छापखाना ठरवतो. सैनिक आणि परदेशस्थ मतदारांना मतपत्रिका ४५ दिवस आधी निघाली पाहिजे, केंद्राचा कायदा. २०२४ला ती तारीख होती २१ सप्टेंबर. नॉर्थ कॅरोलायना त्याआधी, ६ तारखेला पाठवायला बसलं होतं. पण अपक्ष उमेदवार केनेडी ज्युनिअर यांनी ऑगस्टअखेर माघार घेऊन ट्रम्पना पाठिंबा दिला, नाव काढा म्हणून कोर्टात गेले आणि जिंकले. छापून तयार असलेल्या जवळपास २९ लाख मतपत्रिका रद्दी. सगळ्या कौंटींना पुन्हा मांडणी, पुन्हा छपाई, पुन्हा तपासणी. हे सगळं एका अशा उमेदवारासाठी, ज्याला निवडून यायचंच नव्हतं. आता मुख्य पक्षाचा उमेदवार पन्नास राज्यांत बदलायचा तर काय होईल ते बघा.

मुक्ता_मिशिगन

आमच्याकडे उलटं. मिशिगनमध्ये त्यांनी कोर्टबाजी करूनही नाव निघालं नाही. माझ्या घरी टपालाने आलेल्या मतपत्रिकेवर केनेडी होतेच. शेजारच्या बाई विचारायला आल्या, हे तर ट्रम्पना मिळाले ना, मग यांना दिलेलं मत कुणाला जाईल? मी म्हटलं, कुणालाच नाही. तर म्हणाल्या, मग ठीक आहे, मला तेच हवंय.

धोंडोपंत

बाईंचा अंतरात्मा लख्ख जागा दिसतोय.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडे त्यासाठी नोटा आहे. इंदूरला २०२४ला काँग्रेसच्या उमेदवाराने माघारीच्या दिवशी अर्ज मागे घेऊन भाजप गाठला, तेव्हा काँग्रेसने लोकांना नोटा दाबायला सांगितलं. दोन लाखांवर दाबला. भाऊ, तिकडे अशी सोय करा म्हणावं.

ओहायोकर

ठेचाभाऊ, नेवाडात आहे ती सोय, १९७५पासून. पण नोटा पहिला आला तरी तिथंही जिंकतो दुसराच. बंडूच्या आजाराच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, पण शंकासुरांची ४५ दिवसांची हद्द मला पटते. मग उरतो तो जुलै-ऑगस्टचा तुकडा, आणि भांडण तिथंच आहे. वहीताई, १९६८नंतर आयोग नेमला तसं या वेळी पक्षाने काही हालचाल केली का, यावर लिहाल का? इथं नको, वेगळा धागा काढा, हा आता फार लांबला.

जुनी_वही

काढते. पण आधी दिवाळी अंकाचा लेख पुरा करायचाय, संपादक रोज फोन करतायत.